गोट्यांच्या भिंतीचं घर: वय कसं काढायचं, आणि सिमेंटचं काय करायचं?

कृष्णाकाठ:

मंडळी, दोन वर्षांपूर्वी आम्ही रॉचेस्टरच्या पूर्वेला, न्यूयॉर्क राज्याच्या वेन काउंटीत एक जुनं शेतघर घेतलं. शेत कधीच विकलं गेलंय, उरलंय ते घर, एक पडका गोठा आणि सफरचंदाची सहा झाडं. बाहेरून भिंत पाहिली की वाटतं, कुणी बटाटे निवडून ओळीने लावलेत. मुठीएवढे गोल गोटे, आडव्या रांगा, दोन रांगांमध्ये चुन्याची बारीक उंचवट्याची रेघ. कोपऱ्यांना मात्र मोठे घडीव दगड. नवरा म्हणाला, 'सांडग्यांचं घर.' तेच नाव पडलं.

विकणाऱ्या एजंटच्या कागदावर '1830 च्या सुमारास' एवढंच आहे. शेजारच्या आजी 1850 म्हणतात. दारावर साल कोरलेलं नाही.

दुसरी गोष्ट जास्त सलते. मागच्या भिंतीचा चुना भुरभुरत होता, म्हणून आल्या आल्या एका ठेकेदाराकडून दरजा, म्हणजे गोट्यांमधल्या फटी, भरून घेतल्या. त्याने सरळ सिमेंट थापलं. पहिल्या हिवाळ्यानंतर एप्रिलमध्ये तिथले अकरा गोटे अंगणात पडलेले होते. एकाची पुढची अर्धी कपची उडाली होती, आतला दगड लालभडक.

माझं माहेर वाईचं. वाड्याच्या परड्यात चुना दळायच्या घाण्याचं जातं लहानपणी पाहिलंय, आम्ही त्यावर बसून चिंचा खायचो. पण त्यापुढे ज्ञान शून्य. कुणाला काही ठाऊक आहे का?

बफेलोवासी:

ताई, हा प्रकार तुमच्याच पट्ट्यातला. असली सातशेहून जास्त घरं, चर्च आणि शाळा रॉचेस्टरभोवतीच्या 75 मैलांत आहेत. उत्तर अमेरिकेतल्या एकूण गोट्यांच्या इमारतींपैकी सुमारे 90 टक्के. ऑर्लिअन्स काउंटीत चाइल्ड्स नावाचं खेडं आहे, तिथे 1834 चं गोट्यांचं चर्च आणि संग्रहालय आहे. तुमच्याकडून दीड-दोन तासांचा रस्ता. रिज रोडनेच जा. तो रस्ता म्हणजे हिमयुगाअखेरच्या एका मोठ्या सरोवराचा जुना किनारा. तुमचे सांडगे हिमनदीने आणून टाकले आणि पाण्याने घासले.

ओळंबा:

मी पुण्यात जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो. मध्यंतरी चार वर्षं तुमच्या राज्यात शिकत होतो, तेव्हा अशा तीन घरांवर हाताने काम केलंय. म्हणून जरा लांब लिहितो.

आधी वय. बांधकामाचा काळ साधारण 1825 ते 1860. 1825 ला ईरी कालवा पूर्ण झाला, तुमच्या काउंटीतल्या पामायरा, न्यूअर्क, लायन्स गावांतूनच जातो. गहू पूर्वेला स्वस्तात जाऊ लागला, शेतकऱ्याच्या हातात पैसा आला आणि लाकडी ओंडक्यांच्या खोपटाऐवजी नीट घर हवंसं वाटू लागलं. गोटे फुकटचे होते, नाहीतरी नांगराला अडायचे. बैल जुंपलेल्या बिनचाकी घसरगाडीवर ते बांधावर ओढून न्यायचे. पुढे फळीला भोक पाडून किंवा लोखंडी कडीतून घालून एका मापाचे निवडायचे. कालव्यावरचे गवंडी काम संपल्यावर इथे राहिले म्हणून ही कला आली, असं तुम्हाला दहा जण सांगतील. मला ते फार गोड वाटतं. कालव्यावरचं गवंडीकाम घडीव दगडांचं, आणि गोटा रचणं हा निराळा हात आहे.

आता भिंतीकडे बघा. कोपऱ्याच्या एका घडीव दगडाच्या उंचीत गोट्यांचे किती थर बसतात ते मोजा. सुरुवातीच्या घरांत शेतातले ओबडधोबड, लहान-मोठे गोटे, रांगा जरा वाकड्या, थर तीनेक. पुढे निवड काटेकोर होत गेली. शेवटच्या काळात ओंटारिओ सरोवराच्या काठचे लहान, गुळगुळीत, लाल गोटे; तिथे पाच-सहा थरही बसतात आणि गोटा म्हणजे डबराच्या भिंतीवरचा नुसता मुखवटा. पण दर्शनी बाजूवरून निर्णय देऊ नका. पैसे आणि हौस दोन्ही पुढे लागायचे, मागे उरलेलं सुरलेलं.

कागद हवेत तर काउंटीच्या कार्यालयात खरेदीखतांची साखळी मागे मागे न्या. वेन काउंटी 1823 ला ओंटारिओ आणि सेनेका या दोन काउंट्यांतून निघाली, त्यामुळे त्याआधीची खतं कॅनन्डेग्वाला, म्हणजे ओंटारिओ काउंटीच्या मुख्य गावी, किंवा सेनेकाच्या दप्तरात बघावी लागतील. खतात घराचा उल्लेख क्वचित असतो, किंमत मात्र असते. 1837 ला तिथे बाजार कोसळला होता, त्यानंतरच्या खतात तेवढ्याच जमिनीची किंमत वाढली असेल तर मधे काहीतरी उभं राहिलंय असं समजा. दुसरं म्हणजे 1855 ची राज्याची जनगणना. त्यात प्रत्येक घर कशाचं आहे आणि त्याची किंमत किती, हे रकाने आहेत. आपल्याकडे असं काही असतं तर मी आज सुखी असतो.

सिमेंटबद्दल. गोट्याला चिकटून राहणारी जुनी दरजा म्हणजे चुना आणि वाळू. ती दगडापेक्षा मऊ असते, पाणी आत शिरलं तर तिच्यातूनच बाहेर पडतं. सिमेंट कडक आणि बंद. पाणी मागे अडकतं, गोठताना फुगतं, आणि दोघांतला जो कमजोर असतो तो फुटतो. इथे कमजोर ठरले तुमचे गोटे.

जुना चुना ओळखायला न्हाणीघराच्या मागच्या बाजूला कुठेतरी खिळ्याने खरवडा. भुगा पडेल, आणि त्यात ज्वारीच्या लाहीएवढे पांढरे खडे दिसतील. तो नीट न मिसळलेला चुना. तिथून हाताच्या मुठीएवढा तुकडा जपून ठेवा. नवी दरजा त्या रंगाची, त्या वाळूची व्हायला हवी. पडलेले अकरा गोटे धुऊन, ज्या क्रमाने सापडले त्या क्रमाने एका खोक्यात.

वाड्याचा_वारस:

वाईच्या ताईंना चुन्यात घालायला गूळ, हिरडा आणि बेलफळ कुणी सुचवलं नाही अजून? आमच्या आजोबांच्या वाड्याची भिंत आज शंभर वर्षं उभी आहे ती गुळावर.

ओळंबा:

वारसराव, त्या गुळाचं श्रेय आजोबांच्या छपराला द्या. इथे साधा पाण्यात विरवलेला चुना आणि धारदार कणांची वाळू, बस. ताई, थंडीत अजिबात हात लावू नका. चुन्याला आठवडेच्या आठवडे लागतात, तोवर बर्फ पडलं तर सगळं मुसळ केरात. मे ते ऑगस्ट. आणि सिमेंट काढायला ग्राइंडर कुणालाही लावू देऊ नका, छिन्नीने, रोज थोडं थोडं. मुळात त्या काळीही दिवसाला मोजकेच थर चढायचे. खालचा थर धरण्याआधीच वरचा ठेवला की गोटे घसरायचे.

कृष्णाकाठ:

दोन आठवड्यांनी लिहिते आहे, माफ करा. शनिवारी टेप घेऊन फिरले. पुढच्या बाजूला कोपऱ्याच्या दगडाला चार थर, मागे तीन, आणि मागचे गोटे खरंच हाताला लागतील तसे. खतांत 1836 ला जमीन घेतलेली सापडली, 1843 ला विकली ती अडीच पटीहून जास्त किमतीला. एकरं तेवढीच. 1855 च्या पानावर आमच्या रस्त्यावरची तीन घरं ओळीने आहेत: पहिलं लाकडी चौकटीचं, दुसरं ओंडक्यांचं, तिसऱ्यापुढे 'दगड'. ते आमचं. रकान्यात गणकाने 'स्टोन' हा शब्द इतका घाईत लिहिलाय की मी आधी तिथे 'स्टोअर', म्हणजे दुकान, वाचलं.

शेजारच्या आजींना सांगितलं. त्या म्हणाल्या, 'मग मी सात ते चौदा वर्षांनी चुकले, ठीक आहे.'

खिळ्याने खरवडलं, लाहीएवढे पांढरे खडे निघाले. खोकं तळघरात ठेवलंय. ओळंबा, एक शंका उरली: अकरा गोटे मोजून खोक्यात घातले, भिंतीत भोकं मात्र बारा दिसतात. बारावा कुठल्याही गोट्याने भरला तर चालेल ना, की अंगणात शोधू?

ओळंबा:

अंगणात शोधा. गवत कापणाऱ्याच्या यंत्राखाली गेला असेल. नसेल तर माप सांगा.