बोट कधी धरले, कधी सोडले : आई-वडिलांच्या मार्गदर्शनाचे अनुभव लिहावेत

शिवाजी पेठ

परवा माळ्यावरची जुनी ट्रंक उतरवली, तेव्हा आबांची लाल कापडी बांधणीची एक खतावणी हाती लागली. आबा कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी होते. त्या वहीची शेवटची काही पाने मात्र माझ्या अक्षरात आहेत, कारण मी चौथीत गेले तेव्हा घरखर्च लिहिण्याचे काम त्यांनी माझ्याकडे सोपवले होते. दूध, रॉकेल, ज्वारी, मंडईतली भाजी असे सगळे मी मांडायचे आणि रात्री जेवणे झाली की वाचून दाखवायचे. बेरीज चुकली तर ती कुठे चुकली हे त्यांनी कधीही सांगितले नाही. "परत एकदा मांडून बघ की, बाळ," एवढेच म्हणायचे आणि माझे होईपर्यंत पान लावत बसायचे. दिवसभर सौद्यात गुळाच्या रव्यांचे, म्हणजे ढेपांचे, वजन आणि दर तोंडपाठ सांगणाऱ्या माणसाला माझी चूक ऐकताक्षणीच कळत असणार. तरीही ती शोधून काढण्याचा वेळ त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवला, याचे मोल मला आज फार वाटते.

हेच आबा मी लहान असताना रस्ता ओलांडताना मनगट सोडत नसत, आणि दहावीनंतर शाखा निवडायची वेळ आली तेव्हा दोन्ही बाजू समजावून सांगून निर्णय माझ्यावर सोपवून मोकळे झाले. वयाप्रमाणे धरण्याची तऱ्हा बदलणे त्यांना कोणी शिकवले असेल, याचा विचार करते आहे. तान्हेपणापासून वयात येईपर्यंत आई-वडिलांच्या किंवा त्यांच्या जागी असलेल्या माणसांच्या कोणत्या वागण्याने आपण घडलो, आणि आता पालक म्हणून आपण काय करतो, ते कृपया लिहावे. उपदेशापेक्षा प्रसंग लिहिले तर जास्त आवडेल.

कसबा बावडा

ताई, मी तान्ह्या बाळांपासून सुरुवात करते, कारण माझी नोकरीच लसीकरणाच्या खोलीत आहे. दीड महिन्याच्या लसीला येणारे बाळ नुकतेच माणसाचा चेहरा पाहून हसू लागलेले असते. साडेतीन महिन्यांच्या लसीला ते माझ्याकडे पाहूनही हसते, आणि नऊ महिन्यांनंतर गोवर-रुबेलाच्या लसीला आणले की मला पाहताच आईच्या खांद्यात तोंड खुपसते. नव्या आया घाबरून "बुजरा झालाय काय हो?" असे विचारतात. तसे नसते. आपले माणूस कोणते आणि परके कोणते हे त्याला कळू लागलेले असते, आणि आपल्या माणसाला घट्ट धरून मगच बाकीच्या जगाकडे पाहायचे, ही त्या वयाची निरोगी वाढ असते.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात एक प्रयोग केला होता. बाळाशी खेळता खेळता आईने काही मिनिटे चेहरा निर्विकार ठेवायचा, एवढाच तो प्रयोग. बाळ आधी हसून, हात पसरून, आवाज काढून तिला परत बोलते करू पाहते, आणि ते जमले नाही की तोंड फिरवते, रडू लागते. रांगेतल्या आया मोबाइलमध्ये पाहत असतात तेव्हा मांडीवरच्या बाळांची हीच धडपड मला दिसते. मी कोणाला रागावत नाही. "बघा, तुम्हाला हाक मारतंय," एवढे म्हणते आणि बहुतेक जणी लगेच मान खाली वळवून त्याच्याशी बोलू लागतात.

पाच वर्षांच्या बूस्टरला वेगळेच पाहायला मिळते. "काही दुखत न्हाई" असे सांगून मुलाला आत आणणारे पालक पुष्कळ असतात, आणि सुई टोचल्यावर ते मूल आधी आई-वडिलांच्या तोंडाकडे पाहते. काही जण "रडलास तर बाई आणखी एक सुई देतील" असेही म्हणतात, आणि तेव्हा मी मुलासमोरच सांगते की असे मी कधीही करणार नाही. वीटभट्टीवर काम करणारी एक आई मात्र मुलीला मांडीवर घेऊन म्हणाली, "दुखंल जरासं. मी धरलंय न्हवं? रडू आलं तर रड." मुलगी रडली, आणि खोलीचे दार ओलांडायच्या आत शांतही झाली. त्या बाईने एका वाक्यात खरे सांगितले, आधार दिला आणि रडण्याची परवानगीही दिली. आमच्या प्रशिक्षणात यापेक्षा चांगले काही शिकवले गेल्याचे मला आठवत नाही.

आपटेनगर

कुकर लावून आले आहे, त्यामुळे थोडक्यात लिहिते. आमचे चिरंजीव दोन वर्षांचे आहेत आणि सध्या प्रत्येक गोष्ट "मी, मी" करत स्वतःच करायची असते. सासूबाईंनी एक युक्ती सांगितली : "कोणता शर्ट घालणार?" असे न विचारता "निळा का पिवळा?" असे विचारायचे. दोन्ही आपण आधीच काढून ठेवलेले असतात, निवड मात्र त्याची असते, आणि सकाळचा निम्मा आकांत त्यामुळे थांबला आहे. बावड्याच्या ताई, जेवताना मोबाइल दाखवण्याविषयी तुमचे काय मत आहे?

कसबा बावडा

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार वर्षाच्या आतील बाळाला पडदा अजिबात दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी तासाभरापेक्षा जास्त दाखवू नये. त्याहून कमी तितके चांगले. जेवताना तर नकोच, कारण पोट भरले की नाही हे ओळखायला मूल त्याच वयात शिकत असते आणि पडद्याकडे लक्ष असले की ते शिकणे राहून जाते. तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

लाल माती

मी करवीर तालुक्यातल्या एका खेड्यातून लहान वयातच कोल्हापुरात तालमीत राहायला आलो, त्यामुळे मला घडवणारी घरे दोन आहेत. पहाटे उठणे, हौद्यातली माती खोऱ्याने उकरणे, जोर, बैठका, मोठ्या मल्लांना मालिश करणे आणि वस्तादांच्या शब्दाला उलट न बोलणे, हे सगळे तालमीने शिकवले आणि त्याबद्दल मी जन्मभर ऋणी आहे. वडील आठवड्यातून एकदा सायकलला दुधाची किटली अडकवून येत. घरी एकच म्हैस होती आणि माझ्या खुराकासाठी धाकट्या बहिणींच्या वाट्याचे दूध कमी होते, हे मला तेव्हा माहीत नव्हते. वडिलांनी ते कधी बोलून दाखवले नाही, म्हणून त्याचे ओझे घेऊन मी कधी आखाड्यात उतरलो नाही.

सोळाव्या वर्षी माझा गुडघा गेला. डॉक्टरांनी कुस्ती बंद करायला सांगितली. माझ्या बरोबरीच्या एका मुलाला त्याच्या वडिलांनी दुखावलेल्या खांद्यानिशी परत मैदानात उतरवले होते, कारण गावात शब्द दिला होता. ते मी डोळ्यांनी पाहिले असल्यामुळे घरी जाताना मला फार भीती वाटत होती. वडिलांनी पुढचे कित्येक दिवस त्या विषयाचे नावही काढले नाही. मला रोज उसाला पाणी पाजायला बरोबर नेत आणि बांधावर बसवून ठेवत. मग एके संध्याकाळी स्वतःच म्हणाले, "आता काय करायचं ते तू ठरीव. मला त्यातलं कळत न्हाई, पण फीचं मी बघतो." मी आयटीआयला टर्नरचा कोर्स केला आणि आज शिरोली एमआयडीसीत स्वतःचे छोटे वर्कशॉप चालवतो. वस्तादांनी मला जिंकायला तयार केले. कुस्ती सुटल्यावरही घरातली माझी जागा तीच आहे, हे वडिलांनी मला न बोलता पटवले. त्या वयात मला या दुसऱ्या गोष्टीची गरज जास्त होती.

जुना राजवाडा

सर्वांचे अनुभव हृद्य आहेत, तथापि मला वेगळे मत मांडायचे आहे. आमच्या वडिलांचा धाक असा होता की चप्पल वाजली तरी आम्ही अभ्यासाला बसत असू, आणि आम्ही चौघेही भावंडे मार्गी लागलो. आताचे पालक मुलांना कारणे समजावत बसतात आणि मुले त्यांचे ऐकत नाहीत. धाकाशिवाय वळण लागत नाही, असे मला मनापासून वाटते.

मंगळवार पेठ, प्राथमिक शिक्षिका

काका, आपला आदर ठेवून लिहिते. नियम ठाम असावेत, याविषयी माझे आपल्याशी एकमत आहे. प्रश्न त्या नियमाबरोबर माया आणि कारण असते की नाही, हा आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात बालवाडीच्या वयाच्या मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास केला. हुकूम चालवणारे, सगळेच मोकळे सोडणारे, आणि नियम ठाम ठेवूनही कारण सांगणारे व मुलाचे म्हणणे ऐकणारे, अशा पालकांच्या तीन तऱ्हा त्यांनी मांडल्या, आणि तिसऱ्या घरांतली मुले जास्त स्वावलंबी व स्वतःवर ताबा असलेली आढळली. आपल्या वडिलांच्या चपलेचा आवाज आपण इतक्या प्रेमाने आठवता, त्या अर्थी त्या धाकामागे माया होती आणि ती आपल्यापर्यंत पोहोचलीही होती, असे मला वाटते. माझ्या वर्गात येणाऱ्या काही मुलांपर्यंत फक्त चपलेचा आवाज पोहोचतो. ती मुले मी नुसता हात वर केला तरी डोके झाकून घेतात, आणि उत्तर येत असले तरी बोलत नाहीत.

शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. मूल शाळेत आले नाही तर आधी घराकडे पाहायचे, ही त्यातली दृष्टी मला शिक्षिका म्हणून फार महत्त्वाची वाटते. घर म्हणजे शिकलेलेच घर असे मात्र नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई चार घरची धुणीभांडी करते आणि तिला अक्षर ओळखता येत नाही. पालकसभेत तिने विचारले, "मला वाचता येत न्हाई, तर मी हिचा अभ्यास कसा घ्यायचा?" मी म्हटले, भाकरी थापताना तिला मोठ्याने वाचायला लावा आणि मध्येच "मग पुढं काय झालं?" असे विचारा. दिवाळीनंतर ती मुलगी वर्गात इतक्या स्पष्ट आवाजात धडा वाचू लागली की शेजारच्या वर्गातल्या बाई पाहायला आल्या. आईला उत्सुकता आहे, एवढे त्या मुलीला पुरले.

जुना राजवाडा

बाई, आपले म्हणणे विचार करण्यासारखे आहे. आमचे वडील मारून झाल्यावर रात्री उशाशी येऊन बसत, हे मी मघाशी लिहिले नव्हते.

सुतारवाडा

ऑगस्ट २०१९ च्या महापुरातला प्रसंग लिहितो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी, आणि त्या वेळी पाणी ५५ फुटांवर गेले होते. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली असल्यामुळे पत्नी तिच्या माहेरी अडकली होती आणि मी दोन्ही मुलांना घेऊन स्थलांतर केंद्रात होतो. तिथे मुलगी जवळ येऊन हळूच म्हणाली, "पप्पा, मला पाळी आलीय वाटतं." बारा वर्षांची मुलगी हे बापाला सरळ सांगू शकली, कारण ती लहान असताना पत्नीची सकाळपाळी असायची आणि तिची वेणी घालण्यापासून तापात अंग पुसण्यापर्यंत सगळे मीच करत आलो होतो.

मी मदतीच्या टेबलापाशी गेलो आणि ब्लँकेट व बिस्किटांच्या खोक्यांमागे बसलेल्या स्वयंसेवकाला पॅड मागितले. तो गोंधळून "कोणाला?" म्हणाला. मी नेहमीच्या आवाजात "माझ्या मुलीला" म्हटले, कारण ती मागे उभी राहून ऐकत होती आणि यात लपवण्यासारखे काही आहे असे तिला माझ्या आवाजातून कळायला नको होते. मग कोपऱ्यात बसून तिला सगळे सांगितले. धाकट्याने विचारले तेव्हा त्यालाही त्याच्या वयाला कळेल इतके सांगितले. आज ती कॉलेजला आहे आणि घरात असले विषय कोणाला अवघड वाटत नाहीत.

सागरमाळ

मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे आणि मुलांच्या बाजूने लिहू इच्छिते. माझ्या एका मैत्रिणीच्या घरी ती कुठे आहे हे दिवसभर मोबाइलवर पाहतात, आणि ती मोबाइल वर्गातल्या मुलीकडे ठेवून हवी तिथे जाते. माझे वडील रिक्षा चालवतात. मी नववीत असताना ते एवढेच म्हणाले होते, "रंकाळ्यावर जा, न्हाईतर कुठंबी जा. फक्त मला ठाऊक असू दे, म्हंजे रात्री अडलीस तर रिक्षा कुठं आणायची ते कळंल." त्यानंतर त्यांना न सांगता कुठे जावे असे मला वाटलेच नाही. स्टॅटिन आणि कर या संशोधकांनी २००० साली स्वीडनमधल्या मुलांविषयी हेच दाखवले आहे : किशोरवयीन मुलांविषयी पालकांना जे माहीत असते, ते पाळत ठेवून कमी आणि मुलांनी आपणहून सांगितल्यामुळे जास्त कळलेले असते.

फुलेवाडी

माझा मुलगा चौदाचा आहे. आवाज फुटला आहे, अंघोळीला तास लावतो आणि मी खोलीत गेले की गप्प होतो. त्याचे वडील या विषयावर बोलायला तयार नाहीत. सुतारवाड्याच्या दादांसारखे मला जमेल का? का त्याच्या मामांना सांगू?

लाल माती

ताई, मामांना जरूर सांगा, पण आधी तुम्ही बोला. आम्हाला हे सगळे तालमीतल्या थोरल्या पोरांकडून कळले आणि त्यातले निम्मे चुकीचे होते. उगाच कित्येक वर्षे भीती बाळगली. त्याला समोर बसवून विषय काढू नका, म्हणजे तो अंग चोरेल. गाडीवर मागे बसून जाताना, नाहीतर दोघे मिळून भाजी निवडताना काढा, म्हणजे डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. आवाज बदलणे, अंगावर केस येणे, झोपेत चड्डी ओली होणे, हे सगळ्या मुलांना होते आणि त्यात आजार नाही किंवा पाप नाही, एवढे पहिल्यांदा सांगा. लगेच उत्तर आले नाही तरी चालेल. माझा मुलगा आठवड्याने गंगावेशीतल्या कट्ट्यावर दूध पिताना आपणहून बोलला होता.

फुलेवाडी

उद्या त्याला क्लासला मीच गाडीवरून सोडणार आहे. जाताना विषय काढते.