उसातला परजीवी पतंग

पतंगाची अळी म्हणजे पानं कुरतडणारीच, असं म्हणतात. बहुतेक तसंच, पण अपवाद बघायचा तर उसाच्या फडात शिरा की! पाकोळी, म्हणजे पायरिला ही उसावरची कीड, पानांमागं बसून रस शोषते; तिच्या चिकट गोड विष्ठेवर काळी बुरशी धरते. एपिरिकॅनिया मेलॅनोल्युका या पतंगाची अळी ऊस सोडून थेट या पाकोळीलाच चिकटते आणि तिच्या अंगातला रस शोषत वाढते. पाकोळी शेवटी मरते.

आमच्या कागलकडच्या रानात पानं उलटली तर कापसाच्या बोंडासारखे इवले पांढरे कोष दिसले. काका म्हणाले, "रोग आलाय, औषध मारूया." बारकाईनं बघितलं तर शेजारीच एक पाकोळी पाठीवर पांढरी मेणचट गाठ घेऊन रेंगाळत होती. ती गाठ म्हणजेच या पतंगाची अळी, आणि ते पांढरे कोषही तिचेच. पंप परत घरात ठेवला.

हेक्टरी चार-पाच हजार कोष सोडायची शिफारस असते. कोषवाली पानं कापून दुसऱ्या फडात टाचली तरी चालतं. फक्त पाचट पेटवू नका, त्यात हे कोषही जळतात.