घर बांधताना आणि चित्र काढताना स्वतःच्या कल्पनेवर ठाम कसे राहावे? मदत हवी आहे

मी चित्रकार असून सध्या स्वतःचे घर बांधत आहे. आराखड्यात उत्तरेकडे एक उंच, रुंद खिडकी होती, कारण उत्तर गोलार्धात त्या दिशेचा उजेड दिवसभर बराच स्थिर राहतो आणि रंगांची छटा त्यात नीट कळते. मात्र वास्तुविशारद, गवंडी आणि घरातील वडीलधारी मंडळी यांनी आपापल्या परीने सल्ले देत ती इतकी आक्रसत नेली की, आता बसवलेली चौकट न्हाणीघराच्या झरोक्याला शोभावी. प्रत्येक सूचना सुटी पाहिली तर रास्तच होती, हीच खरी अडचण. चित्रांतही तेच होऊ लागले आहे. परवा एका पाहुण्याच्या शेऱ्यावरून मी आकाशातला गेरूचा पट्टा खरवडून काढला आणि रात्रभर हळहळत राहिलो. फ्रान्समधील टपालवाहक फर्दिनां शवाल याने १८७९ ते १९१२ अशी ३३ वर्षे, वेचलेल्या दगडांतून आपल्या मनातला महाल उभारला. मला मात्र कर्जाचे हप्ते आहेत. गिलावा अजून व्हायचा आहे. या टप्प्यावर खिडकी रुंद करायची झाल्यास लिंटेलही (खिडकीवरचा भार पेलणारी आडवी तुळई) बदलावे लागेल का, आणि रास्त वाटणाऱ्या सल्ल्यांपैकी कोणता नाकारायचा हे आपण कसे ठरवता, याविषयी अनुभवी सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे.