'उत्तेजन मिळालं' म्हटलं तर हसू का येतं?

बेथेलकर (जालना):
सगळ्यांना सलाम. एक अडलंय. माझी मावशी जानेवारीत गेली, तिच्यावर चार पानं लिहिली. त्यात एक वाक्य होतं, "मावशीच्या प्रार्थनेनं गल्लीला फार उत्तेजन मिळालं." संपादकांचा फोन आला, "अहो, उत्तेजन काय लिहिता, वाचक हसतील. प्रोत्साहन करतो." आमच्या चर्चच्या मंडळीत दर रविवारी कुणी ना कुणी साक्ष द्यायला उभं राहतं आणि "वचनातून उत्तेजन मिळालं" असंच म्हणतं. बायबलातल्या इब्री लोकांस पत्रातही (१०:२४) हाच शब्द आहे. आजवर कुणी हसलं नाही.
दुसरी अडचण. मावशी "आनंद कर" म्हणायची. त्यांनी "आनंदी राहा" करून टाकलं. तिचं स्वतःचं सोयाबीन पाण्यात, दोन शेळ्या गेलेल्या, आणि ही बाई शेजारणीच्या दारात जाऊन सांगायची, आनंद कर. काय ठेवू? शुक्रवारी मजकूर द्यायचाय.

तेरणाकाठ:
उत्तेजन म्हटलं की मला चौथीतली हस्ताक्षर स्पर्धा आठवते. पहिला, दुसरा, तिसरा आणि मी उत्तेजनार्थ. कंपासपेटीसुद्धा नाही, नुसतं प्रमाणपत्र. पण संपादकांचं 'प्रोत्साहन' त्याहून वाईट. नियमित कर्ज फेडणाऱ्यांना प्रोत्साहनपर ५० हजारांची घोषणा झाल्यापासून आमच्या घरात हा शब्द निघाला की वडील विचारतात, "यादी लागली का?"

निवृत्त गुरुजी (नांदेड):
उत्तेजक पेय, उत्तेजक दृश्य, उत्तेजक चाचणी. शब्दाची पत गेली, आता परत येणार नाही. 'धीर' लिहा. दोन अक्षरं, आपली. दिलासा, उमेद, हिंमत ही सगळी फारसी-अरबी पाहुणेमंडळी.

किल्लारी९३:
गुरुजी, धीरावर माझा राग आहे. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते, पहाटे चारच्या आत भूकंपानं सगळं खाली. त्यानंतर पत्र्याच्या शेडमध्ये माणसं यायची आणि सगळी एकच वाक्य बोलायची, "धीर धरा." दिवसाला वीसजण. आमची आजी एकदा म्हणाली, "कशानं धरू? दोन्ही हातांनी पत्रा धरूलालोय." वारं सुटलं होतं, खरंच धरला होता. धीर हा शब्द देणाऱ्याला स्वस्त पडतो आणि धरणाऱ्याला महाग.

मोमीन गल्ली (बीड):
आजींना सलाम.
गुरुजी, पाहुणा चारशे वर्षं राहिला की त्याचं नाव रेशनकार्डावर चढतं. दिलासा म्हणजे दिल अधिक आसा, काळीज शांतवणारा. याहून मराठी काय पाहिजे? बचत गटाच्या बायांना विचारा, त्यांच्या अभियानाचं नावच 'उमेद' आहे. तुम्ही पत्रात 'खुशाली कळव' लिहिता, तेही खुशहालच.

निवृत्त गुरुजी (नांदेड):
शिधापत्रिका म्हणावं.

मोमीन गल्ली (बीड):
शिधापत्रिका घेऊन गेलो की दुकानदार विचारतो, रेशनकार्ड कुठंय.

पोथीवाली:
दोघंही जरा थांबा. मी थोडं ग्रीक शिकले आहे, पाळकांच्या, म्हणजे पाद्र्यांच्या, शाळेत. बेथेलकरांनी सांगितलेल्या इब्री १०:२४ मध्ये मुळात 'पारोक्सिस्मोस' आहे. त्यात 'ओक्सिस' म्हणजे धारदार. आणि उत्तेजन? उत् अधिक तिज्. तीक्ष्ण, तेज, सगळी याच धातूची लेकरं. तिज् म्हणजेही धार लावणं! ज्यानं तिथं उत्तेजन योजलं त्यानं हे जाणून केलं की आपोआप जमलं, कोण जाणे. मला तर वाचताना अंगावर काटा आला होता.
पण दुःखात जवळ बसणं सांगायचं असेल तर ग्रीकमध्ये वेगळा शब्द येतो, 'पाराक्लेसिस'. जवळ बोलावणं. सांत्वन, बोध, धीर हे तिन्ही अर्थ त्या एकात. योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्याला 'कैवारी' म्हटलंय, ते त्याच घराण्यातलं. तेव्हा आधी ठरवा, मावशी धार लावायच्या की जवळ बसायच्या?

तेरणाकाठ:
कैवारी! काय शब्द आहे. आता फक्त पुढाऱ्यांच्या फ्लेक्सवर उरला, शेतकऱ्यांचे कैवारी.
पण 'आनंद कर'चं काय? मला तो टोमणा वाटतो. आमच्याकडं पीक बुडालं की म्हणतात, "आनंदच हाय सगळा." पोरगा नापास झाला, आनंदीआनंद. संकटात आनंद कर म्हणजे दारू पिऊन नाच म्हटल्यासारखं.

पोथीवाली:
मराठी बायबलात दोन्ही आहेत. पौल बंदिवासातून फिलिप्पैकरांना लिहितो तिथं "आनंद करा". याकोब मात्र परीक्षांबद्दल लिहितो, "आनंदच माना." तिथलं ग्रीक क्रियापदही समजणं, लेखणं असंच आहे. करणं वेगळं, मानणं वेगळं. आपण समाधान मानतो, वाईट मानतो, म्हणजे मनानं ठरवतो. गंमत म्हणजे पौलाचं 'खैरेते' हे ग्रीकांचं रोजचं अभिवादनही होतं. भेटल्यावर तेच, निघतानाही तेच. आपलं 'आनंदात राहा' तसं.

निवृत्त गुरुजी (नांदेड):
'आनंद करा' ही मिशनरी मराठी आहे. मराठी माणूस आनंद करत नाही. त्याला आनंद होतो.

बेथेलकर (जालना):
गुरुजी, मिशनरी मराठी म्हणजे कुणाची? जालन्याजवळचं बेथेल हे ख्रिस्ती गाव नारायण शेषाद्रींनी वसवलं, निजामाच्या राज्यात. सबंध बायबल हिब्रू-ग्रीकवरून मराठीत आणलं ते पंडिता रमाबाईंनी, साध्या बाया-बापड्यांना कळावं म्हणून. ही माणसं मराठी नव्हती का? माझी आजी चौथीसुद्धा शिकली नव्हती, ती 'आनंद कर' म्हणायची आणि आम्हाला ते कळायचं.

निवृत्त गुरुजी (नांदेड):
व्यक्तिशः घेऊ नका. व्याकरणाबद्दल बोलतोय.

किल्लारी९३:
'मजा करणे' चालतं, 'शोक करणे' चालतं, मग आनंदानंच काय घोडं मारलंय?

अक्का (परतूर):
दादा, मी तुझ्या मावशीची लेक. हे सगळं वाचू राहिले दोन दिवसांपासून. आईनं 'उत्तेजन' हा शब्द देवळात, म्हणजे चर्चमध्ये, वापरला असेल, प्रार्थनेत. घरात कधीच नाही. ती 'उभारी' म्हणायची. "जरा उभारी धर गं." आणि पुराच्या वेळी ती शेजारणीला 'आनंद कर' म्हणली, ते तू ऐकलेलं आहेस, मी तिथं होते. आधी अर्धा तास काहीच बोलली नव्हती. चुलीतली ओली लाकडं काढून बाहेर टाकली, चहा केला, दोघी प्याल्या. मग उठताना म्हणली. तू फक्त शेवटचं वाक्य लिहिलंयस.

बेथेलकर (जालना):
अक्का, मला हे माहीतच नव्हतं. पण 'उत्तेजन' ती म्हणायची, मी शपथेवर सांगतो. माझ्या बारावीच्या निकालाला म्हणली होती.

अक्का (परतूर):
ते पाळकसाहेब म्हणले होते. आई शेजारी उभी होती.

तेरणाकाठ:
आता घरातच फूट पडली.

मोमीन गल्ली (बीड):
उभारी मस्त शब्द आहे. पिकाला उभारी, माणसाला उभारी. पडलेलं उभं करायचं, यात फारसीही नाही, गुरुजी खूश.

निवृत्त गुरुजी (नांदेड):
उभारी मान्य. मात्र वरच्या धारेवरून एक राहिलं. आमच्या मुखेडकडं विळ्याला धार लावण्याला 'पाजळणे' म्हणतात. त्यावरूनच 'अक्कल पाजळणे' आलं असावं, म्हणजे अकलेला उत्तेजनच.

किल्लारी९३:
नाही हो. विळा पाजवतात, दिवा पाजळतात. अक्कल पाजळणे म्हणजे दिवसाढवळ्या दिवा लावून दाखवणं, म्हणून तर ते कुचेष्टेनं म्हणतात.

निवृत्त गुरुजी (नांदेड):
माझे वडील लोहाराच्या भात्याशेजारी राहत. पाजळणे म्हणत.

बेथेलकर (जालना):
मंडळी, शुक्रवार उद्यावर आलाय.

पोथीवाली:
पाजवणे आणि पाणी पाजणे यांचा संबंध असेल का? लोखंडाला पाणी देतात ना तापवून.

किल्लारी९३:
देतात! आता हे पटू लागलंय. पण मग दिवा कुठून आला?