डॉक्टर याला पँडास (घशाच्या संसर्गानंतर मुलांच्या वागण्यात अचानक बदल आणणारा आजार) म्हणतात. मुलाच्या दिवसभराच्या "पक्का ना?" ला उत्तर द्यायचं की नाही?

सुदामानगरची_आई:

नमस्कार, आम्ही इंदूरचे, मुलगा सात वर्षांचा, दुसरीत आहे. पोस्ट मोठी होणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या (सजवलेले चित्ररथ) बघायला रात्री उशिरापर्यंत राजवाड्याच्या गर्दीत होतो. चार-पाच दिवसांनी त्याला ताप आला, घसा लालभडक, थुंकी गिळताना पण दुखायचं. जवळच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं, दोन दिवसांत ताप उतरला, पोरगा सायकल घेऊन खाली पळाला आणि तिसऱ्या दिवशी मी औषध बंद केलं. हे मी घरात कोणाला सांगितलं नव्हतं, इथे सांगतेय.

मग दसरा झाला, सोनं वाटून आलो, सगळं नेहमीसारखं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर बेसिनपाशी पाऊण तास उभा, हात धुतोय, रडतोय आणि परत धुतोय. पोहे पुढे ठेवले तर हात लावेना, म्हणाला त्यावर माती पडलीय. ते जिरावण होतं, पोह्यांवर भुरभुरायचा मसाला, जो तो दर रविवारी स्वतः मागून दोनदा घालून घेतो. दुपारपर्यंत दर दहा मिनिटांनी सू, युरिनचा रिपोर्ट मात्र क्लिअर. डोळे मिचकावणं, खांदा उडवणं, मी दुसऱ्या खोलीत गेले तरी किंचाळायचा. आठ दिवसांत अक्षर असं झालं की मॅमनी वही पाठवून विचारलं हे कोणी लिहिलंय.

पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं लाडावलाय, मोबाईल काढून घ्या. मी पण तेच धरून चालले, दुसऱ्या दिवशी एक चापट पण मारली त्याला, ती आठवली की अजून जेवण जात नाही. नंतर दुसऱ्या बालरोगतज्ज्ञांनी सगळं नीट विचारलं, घशाचा स्वॉब पाठवला तो स्ट्रेप (घशाचा संसर्ग करणारा जंतू) पॉझिटिव्ह आला, एएसओ टायटर (त्या जंतूविरुद्धच्या अँटिबॉडीची रक्ततपासणी) वाढलेलं, हृदयाची इको केली ती नॉर्मल, न्यूरोलॉजिस्टनी तपासलं आणि मग पँडास हे नाव ऐकलं. दहा दिवस अमॉक्सिसिलीन पूर्ण झालं, आयब्युप्रोफेन काही दिवस दिलं, मानसोपचारवाल्या मॅडमकडे दोन सेशन झालेत. हात धुणं आणि सू कमी झालीय, खाणं अजून अर्धंच.

आता प्रश्न. तो दिवसभर विचारतो "आई, यात माती नाही ना? पक्का ना? पक्का ना?" मी हो म्हटलं की दोन मिनिटं शांत, की परत. नवरा म्हणतो उत्तर देऊ नकोस, सवय लागेल. सासूबाई म्हणतात लेकरू घाबरलंय, सांग ना बाई, आणि संध्याकाळी मीठ-मोहरीने दृष्ट काढतात. मॅडम पुढच्या आठवड्यात आहेत, तोवर मी काय करू? कुठला हट्ट आणि कुठला आजार हे कसं ओळखता तुम्ही लोक?

बडोद्याची_मैथिली:

ताई, आधी हे ऐका, ती चापट आमच्याकडेही पडलीय. माझी मुलगी आता अकराची आहे, सहाव्या वर्षी सुरू झालं, नवरात्रातला गरबा आटोपला आणि दिवाळीच्या तोंडावर. तिचं "पाक्कुं ने?" होतं, गुजराती शाळेत जाते ना, आणि प्रश्न एकच, मी श्वास घ्यायला विसरणार नाही ना.

आमच्या थेरपिस्टनी जे शिकवलं ते सांगते. उत्तर एकदा द्यायचं, पूर्ण, त्याच्या डोळ्यात बघून. दुसऱ्यांदा विचारलं की उत्तर नाही पण गप्प पण राहायचं नाही, म्हणायचं "हे तू नाही विचारत आहेस, हे किटकिट्या विचारतोय." किटकिट्या हे नाव तिनेच ठेवलं होतं आजाराला. गप्प राहिलं तर मुलाला वाटतं आई चिडलीय आणि भीती दुप्पट होते. पण एक फार महत्त्वाचं, हे भर फ्लेअरमध्ये, म्हणजे आजार उसळलेला असताना, जमत नाही. पहिले दोन-तीन आठवडे आमचं एवढंच होतं की ती खाईल, झोपेल आणि स्वतःला लागून घेणार नाही, त्या काळात मी शंभर वेळा "पाक्कुं" म्हटलं आहे. औषधांनी जरा उतार पडला तेव्हा थेरपी हातात घेतली. तुमच्या मिस्टरांचं तत्त्व बरोबर आहे, वेळ मात्र मॅडमनी ठरवू दे.

हट्ट की आजार, तर मी हे बघायचे की हट्टात मिळालं की मूल खूश होतं. किटकिट्यामध्ये मिळालं तरी चेहऱ्यावर सुख नसतं, अर्ध्या मिनिटात परत तेच. आणि हो, आजार असला तरी बहिणीला चावणं चालवून घेतलं नाही आम्ही, भीतीवर ओरडायचं नाही पण मारामारी थांबवायची.

अजून एक, रोज संध्याकाळी एकाच वहीत एकच ओळ लिहून घ्या. आमची ओळ होती "आज माझं जेवण झालं." तारीख घालायची, खाली झोप किती, सू कितीदा, जेवण किती हे मी लिहायचे. डॉक्टरांसमोर बोलताना मला रडूच यायचं, मग मी वही पुढे सरकवायचे. पुढच्या वेळी ताप यायच्या आधीच अक्षर मोठं आणि तिरकं व्हायला लागलं होतं, ते वहीतच दिसलं.

लष्करचा_बालवैद्य:

मी ग्वाल्हेरला बालरोगतज्ज्ञ आहे. तपासल्याशिवाय उपचार सांगणार नाही, पण पालकांना जे माहीत असायला हवं ते लिहितो.

पँडास हे नाव १९९८ मध्ये अमेरिकेच्या एनआयएमएच या मानसिक आरोग्य संशोधन संस्थेतल्या डॉ. सुझन स्वीडो आणि सहकाऱ्यांनी ५० मुलांचा अभ्यास मांडला तेव्हा रूढ झालं. तीन वर्षांपासून वयात येईपर्यंतचं वय, ओसीडी (तेच ते विचार आणि तीच ती कृती) किंवा टिक्स (डोळे मिचकावणं, खांदा उडवणं अशा आपोआप होणाऱ्या हालचाली), अचानक सुरुवात, मधेमधे उसळणं-ओसरणं आणि स्ट्रेपशी काळाचा संबंध, असे निकष. २०१२ मध्ये पॅन्स ही मोठी छत्री आली, त्यात स्ट्रेप सापडलाच पाहिजे असं नाही, अचानक ओसीडी किंवा अचानक खाणं तुटणं आणि त्यासोबत चिंता, चिडचिड, अक्षर बिघडणं, वारंवार लघवी, झोप उडणं यातलं काही. तुम्ही जे लिहिलंय ते वाचताना मला पाठ्यपुस्तक आठवलं. असं मानलं जातं की जंतूविरुद्ध तयार झालेली अँटिबॉडी चुकून मेंदूतल्या बेसल गँगलियावर, म्हणजे हालचाली सांभाळणाऱ्या भागावर, जाते. त्याच घराण्यातला जुना आजार म्हणजे सिडनहॅम कोरिया, तो रुमॅटिक फीव्हरमधला (स्ट्रेपनंतर येणारा, सांध्यांना आणि हृदयाला त्रास देणारा आजार). आपल्याकडे रुमॅटिक अजून आहे, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी इको केली हे मला फार आवडलं. हातापायांच्या वेड्यावाकड्या हालचाली दिसल्या, हातातून वस्तू पडायला लागल्या, बोलणं अडखळलं तर लगेच दाखवा, कारण कोरिया निघाला तर हृदय वाचवायला पेनिसिलीनची इंजेक्शनं दर तीन-चार आठवड्यांनी कितीतरी वर्षं चालतात, तो रस्ताच वेगळा.

एएसओ वाढलं म्हणजे पँडास असं नाही. संसर्गानंतर आठवडाभराने ते चढायला लागतं, तीन ते सहा आठवड्यांत सर्वात वर जातं, आणि शाळेतल्या धडधाकट मुलांमध्येही वाढलेलं सापडतं. निदान कहाणीवरून होतं. प्रामाणिकपणे हेही सांगतो की या आजाराबद्दल डॉक्टरांमध्ये एकमत नाही. महिनोन्महिने अँटिबायोटिक द्यावं का यावर वाद आहे. आयव्हीआयजीचा (शिरेतून दिल्या जाणाऱ्या अँटिबॉडींचा) १९९९ चा लहान अभ्यास आशादायक होता, २०१६ च्या चाचणीत मात्र प्लासिबोपेक्षा (नुसत्या नावाच्या औषधापेक्षा) ठोस फरक दिसला नाही. त्यामुळे कोणी पहिल्याच भेटीत महागडं इंजेक्शन सांगितलं तर दुसरं मत घ्या. ओसीडीची गोळी लागली तर या मुलांना अगदी कमी डोसपासून सुरू करतात, काही मुलं त्यावर आणखी बेचैन होतात. आयब्युप्रोफेन रिकाम्या पोटी नको, डोस वजनावर, आणि अ‍ॅस्पिरिन मनाने अजिबात नाही.

औषध तिसऱ्या दिवशी बंद केलंत त्याबद्दल. घशाच्या स्ट्रेपला अमॉक्सिसिलीनचा कोर्स दहा दिवसांचा असतो तो मुख्यतः रुमॅटिक टाळण्यासाठी, यापुढे पूर्ण करा. पण तुमच्या त्या न दिलेल्या सात दिवसांमुळेच हे झालं असं कोणीही म्हणू शकत नाही. तुमच्या डॉक्टरांना मात्र सांगून टाका, त्यांना माहीत असायला हवं. आणि पाणीही घेईनासा झाला, वजन उतरलं किंवा मरणाबद्दल, स्वतःला इजा करण्याबद्दल बोलला तर अपॉइंटमेंटची वाट न बघता हॉस्पिटल गाठा. बाकी मन हलकं करायला रात्री-बेरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, तो तुमच्यासाठीही आहे, फक्त मुलासाठी नाही.

रामबागेतल्या_आजी:

मी आजी आहे, माझ्या नातवाला टिक्स होत्या, हे नाव तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. सासूबाईंना बाजूला ठेवू नका गं. आईने उत्तर दिलं नाही की पोर आजीकडे जातं, आजीने दिलं की आईची मेहनत पाण्यात. तेव्हा तुमच्या त्या मॅडमकडे सासूबाईंनाच सोबत घेऊन जा, त्यांच्या तोंडून ऐकलं की आम्हा म्हाताऱ्यांना पटतं. दृष्ट काढतात तर काढू दे, त्यांनाही काहीतरी करायचं असतं, फक्त त्याच्यासमोर "बाहेरचं" काही बोलू नये, त्या वयात ते फार खोल जातं. मी नातवासोबत रोज अर्धा तास पत्ते खेळायचे, त्या वेळात आजाराचा विषय नाही, हे मीच ठरवलं होतं.

बाई_दुसरीच्या:

मी इथेच एका शाळेत दुसरी-तिसरी शिकवते म्हणून शाळेचं लिहिते. हाफ इयरलीच्या आधी डॉक्टरांचं पत्र घेऊन प्रिन्सिपलना भेटा, पत्रात आजाराच्या नावाबरोबर काय हवंय ते पण लिहून आणा. आमच्या वर्गात अशा एका मुलासाठी दाराजवळची जागा, न विचारता बाथरूमला जायची परवानगी, लिहिण्याऐवजी तोंडी आणि एका दिवशी एकच पेपर एवढं केलं होतं, कोणालाही अवघड गेलं नाही. आणि वर्गात कोणाचा घसा सुजला की तुम्हाला फोन करायला सांगा. आम्ही शिक्षक हे आनंदाने करतो पण कोणी सांगतच नाही, मग आम्हाला वाटतं मूल आळशी झालंय, आणि मी स्वतः एका मुलाला असं समजले होते ते मला आजही लागतं.

सुदामानगरची_आई (९ दिवसांनी):

सगळ्यांचे आभार, रात्री दोन वाजता वाचायचे मी हे. डॉक्टरांना औषध बंद केल्याचं सांगून टाकलं, ते रागावले नाहीत. सासूबाई मॅडमकडे आल्या, बाहेर येऊन रिक्षात मला म्हणाल्या, "म्हणजे मी हो म्हणते तेव्हा त्याचा तो आजार मला विचारत असतो का गं?" आता त्या पण एकदाच सांगतात. दृष्ट चालू आहे, त्याला झोप लागल्यावर.

त्याने आजाराचं नाव भोंगा ठेवलंय, कारण तो बंदच होत नाही म्हणे. एका दिवसात "पक्का ना" ची गिनती मी वहीत केली, सोमवारी ७२, काल ३१. मधे परवा फार वाईट संध्याकाळ गेली, दीड तास रडला, ताट फेकलं, मी पण बाल्कनीत जाऊन रडले. धाकटीचा घसा दुखतोय म्हटल्यावर लगेच स्वॉब केला, स्ट्रेप निघाला, तिचं औषध सुरू आहे आणि या वेळी दहाही दिवस कॅलेंडरवर खुणा करतेय. बडोद्याच्या ताई, मॅडमनी खाण्याची शिडी लिहायला सांगितलीय, तुम्ही पायऱ्या केवढ्या ठेवल्या होत्या?

बडोद्याची_मैथिली:

अगदी चिमूटभर. तुमच्या जिरावणाचं मी असं करेन, मॅडमना दाखवून घ्या आधी. बंद डबी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, मग ताटाशेजारी, मग डबी उघडी, मग त्याने वास घ्यायचा, मग त्याच्या हाताने तुमच्या पोह्यांवर घालायचं, आणि स्वतःच्या पोह्यांवर चार दाणे हे सगळ्यात शेवटी. दर पायरीला भोंगा किती जोरात वाजतोय ते दहापैकी त्याने सांगायचं, आवाज निम्मा झाला की मगच पुढची. आमचं श्रीखंडावर अडकलं होतं, नुसत्या उघड्या डब्याला सहा दिवस लागले. आणि ३१ च्या खाली आज तारीख घाला, विसराल.