एमयूएनसाठी मुलं तयार करायची आहेत, १९ दिवस उरलेत. मदत हवी!

वारणाकाठ
नमस्कार. आमच्या कॉलेजातून पहिल्यांदाच मुलं पुण्याला एमयूएनला जाणार आहेत. मुलं हुशार आहेत, वाचलंयही भरपूर, पण सरावाला उभी केली की तोंड उघडत नाहीत. मी केमिस्ट्री शिकवते. हे काम ज्यांच्याकडे होतं त्यांची बदली झाली आणि प्राचार्यांनी फाईल माझ्या टेबलावर आणून ठेवली. तयारी कशी करून घेऊ? 'यूट्यूब बघा' असं कृपया सांगू नका, बघून झालंय. उद्या दुपारी परत सराव आहे, लवकर सांगा.

भडंग_भेळ
एमयूएन म्हणजे काय?

टोच्या
@भडंग, मॉडेल युनायटेड नेशन्स. पोरं कोट घालून देशांचे प्रतिनिधी होतात, दोन-तीन दिवस भांडतात, शेवटी ठराव करतात आणि फोटो काढतात. खऱ्यापेक्षा बरं, इथे ठराव तरी होतो.

स्वरगंध
मॅडम, काळजी करू नका. मी ३० वर्षं वक्तृत्वाची मुलं घडवली आहेत. रोज सकाळी आरशासमोर दहा मिनिटं बोलायला लावा. सुरुवातीला एखादा संस्कृत श्लोक, मध्ये आवाजाचा चढउतार, शेवटी टाळीचं वाक्य. तोंडात पेन्सिल धरून वाचन केलं तर उच्चार स्वच्छ होतात.

माजी_डेलिगेट
श्लोक?! काका, इथे जनरल स्पीकर्स लिस्टमध्ये, म्हणजे पाळीपाळीच्या भाषणात, ६० किंवा ९० सेकंद मिळतात. श्लोक संपेपर्यंत चेअर (सभाध्यक्ष) हातोडा आपटेल.
मॅडम, तुम्ही काहीच सांगितलं नाहीत. कमिटी कुठली? देश कुठला? अजेंडा? फ्रीझ डेट, म्हणजे ज्या तारखेनंतरच्या घटना धरायच्या नाहीत ती, काय दिली आहे? यूएनए-यूएसए या अमेरिकी संस्थेचे नियम आहेत की आयोजकांचे स्वतःचे? एकेकटे जाणार की जोडीने? याशिवाय कोण काय सांगणार?

वारणाकाठ
सहा जण आहेत. देश इथिओपिया.

माजी_डेलिगेट
सहा जण आणि एकच देश?

वारणाकाठ
नाही नाही. चार जण ऑल इंडिया पॉलिटिकल पार्टीज मीटला आहेत, म्हणजे आपल्याच पक्षांची लुटुपुटुची बैठक, ते हिंदीत चालतं, त्यांचं मस्त चाललंय. एकाने तर वर्गात वॉकआउटसुद्धा करून दाखवला. अडलेत फक्त दोघं. सुरक्षा परिषद, इथिओपिया, जोडीने. विषय इथिओपियाने निळ्या नाईलवर बांधलेलं ते मोठं धरण, खाली सुदान आणि इजिप्त.

टोच्या
म्हणजे 'मुलं बोलत नाहीत' हे सहातल्या दोघांबद्दल होतं. छान.

इंग्रजी_विंग्रजी
खरी अडचण भाषेची आहे, कुणी स्पष्ट बोलत नाही एवढंच. आपल्या भागातल्या मुलांना मराठीत विचार करून इंग्रजीत बोलावं लागतं. मी स्वतः पुण्यात पहिली दोन वर्षं गप्प होतो. मुलांना रोज अग्रलेख मोठ्याने वाचायला लावा आणि घरीसुद्धा इंग्रजीतच बोलायला सांगा.

वारणाकाठ
इंग्रजीचा प्रश्न नाही हो. त्या दोघांतली मुलगी शाळेत सेमी इंग्लिशला होती, चांगलं बोलते.

निवृत्त_पाटबंधारे
विषय माझ्या जिव्हाळ्याचा म्हणून लिहितो. मुलांना आकडे आपल्या मापात सांगा, तर डोक्यात शिरतील. इथिओपियाच्या त्या धरणाची साठवण ७४ अब्ज घनमीटर. टीएमसीत (अब्ज घनफुटांत) साधारण २,६०० होते. आपलं कोयना १०५ टीएमसीचं, म्हणजे जवळजवळ २५ कोयना एका ठिकाणी. स्थापित वीजक्षमता ५,१५० मेगावॉट. १९५९ च्या इजिप्त-सुदान करारात इजिप्तला ५५.५ अब्ज घनमीटर आणि सुदानला १८.५ ठरले. इजिप्तचा वाटा टीएमसीत काढलात तर १,९६० च्या आसपास येतो. बच्छावत लवादाने अख्ख्या कृष्णेचं २,०६० टीएमसी तीन राज्यांत वाटलं होतं, महाराष्ट्राला ५६०. म्हणजे एकट्या इजिप्तकडे जवळपास एक कृष्णा.
आणि दुसरी गोष्ट. कोयनेचं बरंचसं पाणी पोफळीला वीज करून पश्चिमेला वाशिष्ठीत जातं, ते कृष्णेत परत येत नाही. इथिओपियाचं पाणी टर्बाइनमधून निघून त्याच नदीने पुढे सुदानलाच जातं. धरण भरताना खाली कमी जातं हे खरं, पण वीज करण्यात पाणी संपत नाही. हा मुद्दा मुलांच्या हातात द्या.

कृष्णामाई
कोयनेचा विषय निघालाच आहे तर कर्नाटकातल्या अलमट्टीबद्दलही बोला की. उंची ५१९ वरून ५२४ मीटर करायला निघालेत आणि सांगली बुडतेय!

निवृत्त_पाटबंधारे
वडनेरे समितीने २०१९ च्या पुराचा दोष अलमट्टीला दिला नव्हता. अहवाल वाचा.

कृष्णामाई
समिती आमच्या आळीत बोटीत बसली नव्हती.

टोच्या
धागा पुण्याहून आदिस अबाबाला निघाला होता, अंकलीच्या पुलावर अडकला.

वारणाकाठ
थांबा, हे वाचून माझ्या लक्षात आलं की मी मुख्य गोष्ट लिहिलीच नाही. ही मुलगी वारणाकाठच्या गावातली आहे. २०१९ ला तिचं घर आठ दिवस पाण्यात होतं. गेल्या सरावात इथिओपियाचं भाषण वाचायला उभी राहिली आणि दोन वाक्यांनंतर खाली बसली. म्हणाली, "मॅडम, वरचा धरण बांधतो तेव्हा खालच्याला कधी विचारतो का? मी इजिप्तच्या बाजूनं बोलते, इथिओपिया मला नको." जोडीदार मुलगा भिडस्त, ती बोलली नाही की तोही गप्प. देश बदलून मिळेल का असं आयोजकांना विचारलं, नाही म्हणाले.

माजी_डेलिगेट
मॅडम!! हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं.

स्वरगंध
म्हणून म्हणतो, आरसा. आरशासमोर भावना आवरता येतात.

यूपीएससी_वाला
मुलीचा इंटरेस्ट असेल तर तिला आंतरराष्ट्रीय संबंधांचा पाया पक्का करायला सांगा. जीएस पेपर दोनला उपयोग होतो. माझ्याकडे नोट्स आहेत.

इंग्रजी_विंग्रजी
मग देश तसाच ठेवा आणि मुलगी बदला. चार जणांतला तो वॉकआउटवाला घ्या.

वारणाकाठ
मुलगी बदलणार नाही.

सुदानचं_वाळवंट
आठ वर्षं खार्तूममध्ये कंपनीच्या कामाला होतो, आता परतलोय. तिथली माणसं धरणाबद्दल दोन्ही बाजूंनी बोलत. निळ्या नाईलचा पूर आवरेल म्हणून बरं वाटणारेही होते. पण सुदानचं रोसेरेस धरण इथिओपियाच्या धरणाच्या अगदी खालीच. वरून किती पाणी कधी सोडणार हे वेळेवर कळलं नाही तर आमचं काय, ही तिथली भीती. तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न सुदान्यांचाच प्रश्न आहे, त्यामुळे तो तिला दाबून टाकायला लावू नका. आयोजकांनी तुम्हाला सुदान दिला असता तर सोन्याहून पिवळं झालं असतं.

माजी_डेलिगेट
दिलेला नाही, त्यामुळे आता काम इथिओपियाचंच. तिला विचारा, १९२९ चा नाईल करार कुणी केला? ब्रिटन आणि इजिप्त. १९५९ चा? इजिप्त आणि सुदान. निळी नाईल जिथे उगम पावते त्या इथिओपियाला दोन्ही वेळा कुणी विचारलं नाही. तिचा राग 'विचारलं नाही' यावर आहे ना? मग इथिओपियाचं अख्खं म्हणणं त्याच शब्दावर उभं आहे. भाषण तिथून सुरू होऊ दे.
आणि सरावात आधी तिला इजिप्तच करा, तुम्ही इथिओपिया व्हा. ती तुम्हाला जे प्रश्न विचारेल तेच तिला पुण्यात विचारले जाणार आहेत.

निवृत्त_पाटबंधारे
चांगलं सुचवलंत. सोबत जोडा, हे धरण परदेशी कर्जावर नाही, बऱ्याच अंशी देशातल्याच लोकांच्या रोख्यांवर आणि वर्गणीवर उभं राहिलं. २०११ ला सुरू झालं. आपल्याकडे दहा हजारांच्या रोख्यालाही लोक बँकेत चार प्रश्न विचारतात.

माजी_डेलिगेट
आणखी एक मोठी गोष्ट, ही आयोजकांना आजच विचारा. २०२१ साली सुरक्षा परिषदेत या धरणावर चर्चा झाली तेव्हा इथिओपिया परिषदेचा सदस्य नव्हता. इजिप्त, सुदान, इथिओपिया तिघांनाही आमंत्रित म्हणून बोलवलं होतं. अशा देशाला मत नसतं. परिषदेच्या नियम ३८ प्रमाणे तो ठराव मांडू शकतो, पण सदस्यांपैकी कुणी मागणी केल्याशिवाय त्यावर मतदान होत नाही. काही आयोजक अशा निरीक्षक देशालाही मत देतात, काही देत नाहीत. मत नसेल तर मुलांची रणनीतीच वेगळी.

वारणाकाठ
हे आयोजकांनी पाठवलेल्या बॅकग्राउंड गाईडमध्ये नव्हतं. पुढे काय करायचं मग?

माजी_डेलिगेट
मत नसेल तर त्यांची सगळी लढाई अनमोडमध्ये, म्हणजे सगळे जागेवरून उठून गटागटाने बोलतात तेव्हा. ठराव मंजूर व्हायला ९ मतं लागतात आणि पाच कायम सदस्यांपैकी कुणाचा नकाराधिकार नको. खऱ्या परिषदेत जुलै २०२१ ला ट्युनिशियाने सहा महिन्यांत करार करा असा मसुदा फिरवला, तो पुढे गेलाच नाही. १५ सप्टेंबरला आलं ते फक्त अध्यक्षीय निवेदन, त्यात आफ्रिकी संघाच्या मध्यस्थीखाली बोलणी पुन्हा सुरू करा एवढंच. परिषदेने निवेदन काढलं हे इथिओपियाला रुचलं नाही, पण बोलणी आफ्रिकी संघाकडे राहणं त्यांना हवंच होतं, कारण त्यांची भूमिका पहिल्यापासून 'हा विषय सुरक्षा परिषदेचा नाही, आफ्रिकी संघाचा' अशी. मुलांनी ठराव लिहायच्या फंदात न पडता, मसुद्यातून मुदतीचं कलम कसं काढायचं ते बघावं. केनिया आणि भारत तेव्हा सदस्य होते. भारताच्या टेबलावर जाऊन बसा. सिंधूचं पाणी पाकिस्तानकडे जातं आणि ब्रह्मपुत्रा चीनकडून येते, म्हणजे एका नदीवर वरचा आणि एका नदीवर खालचा देश. घाईघाईचा कायदा तयार करायला त्याला मुळीच आवडणार नाही.
८ जुलै २०२१ च्या बैठकीचा शब्दशः वृत्तांत संयुक्त राष्ट्रांच्या संकेतस्थळावर मिळतो. इथिओपियाकडून पाणी खात्याचे मंत्री बोलले होते. तो आधी वाचायला द्या, मग बाकीचं.

शुद्धलेखन_सेवक
'संयुक्त राष्ट्रांच्या' की 'संयुक्त राष्ट्रसंघाच्या'? मूळ इंग्रजी नावात संघ नाही, तरी मराठी वर्तमानपत्रं गेली सत्तर वर्षं तो लावत आली आहेत.

टोच्या
@शुद्धलेखन, आफ्रिकी संघात मात्र संघ आहे. समाधान माना.

माजी_डेलिगेट
फ्रीझ डेट विसरू नका. ती ८ जुलै २०२१ दिली असेल तर त्यानंतरचं काहीच वापरता येत नाही. नाईल खोऱ्याचा सहकार्य करार ऑक्टोबर २०२४ ला लागू झाला, धरणाचं उद्घाटन सप्टेंबर २०२५ ला. यातलं एक वाक्य निघालं की समोरचा पॉइंट ऑफ ऑर्डर (नियमभंगाचा आक्षेप) घालून मार्क खातो. पुरावा मागितला तर बहुतेक ठिकाणी विकिपीडिया चालत नाही, रॉयटर्स किंवा संयुक्त राष्ट्रांचे कागद चालतात. प्रिंट काढून फोल्डरला ठेवा, तिथलं वायफाय कधीच चालत नाही.

भडंग_भेळ
जेवायची सोय कशी असते तिथं? गेल्या वेळी माझा भाचा गेला होता, दोन दिवस सँडविचवर काढले त्याने.

कृष्णामाई
मुलीला माझा नमस्कार सांगा. अलमट्टीबद्दल मी मागे हटलेलो नाही, पण तिच्यासाठी एक सांगतो, धरणाला विरोध आणि न विचारण्याला विरोध या दोन गोष्टी आहेत. माझा विरोध कुठला ते मलाच आत्ता टाईप करताना कळलं.

वारणाकाठ
आज सराव झाला. मी इथिओपिया झाले, ती इजिप्त. वीस मिनिटं तिने मला सोडलं नाही. भरायला किती वर्षं घेणार, दुष्काळाच्या वर्षी खाली किती सोडणार, लिहून देणार का. माझ्याकडे एकाचंही उत्तर नव्हतं, रसायनशास्त्रात असलं येत नाही. मग जोडीदार मुलगा पहिल्यांदा बोलला. म्हणाला, "५९ साली तुम्ही वाटणी केली तेव्हा आम्हाला लिहून दिलं होतं का?" ती अर्धा मिनिट गप्प बसली आणि मग वही उघडून ते वाक्य लिहून घेतलं.
आयोजकांचं उत्तर आलंय, इथिओपिया निरीक्षक, मत नाही, फ्रीझ डेट ८ जुलै २०२१.
आता तिचं एक अडलंय. इथिओपिया म्हणून बोलताना दुष्काळाच्या वर्षी पाणी सोडण्याचं लेखी वचन द्यायचं की नाही? ती म्हणते द्यायचं. मुलगा म्हणतो वचन दिलं की हातातलं पान गेलं.

निवृत्त_पाटबंधारे
मुलगा बरोबर आहे. आकडा देऊ नका, माहिती देण्याचं वचन द्या.

सुदानचं_वाळवंट
मुलगी बरोबर आहे. वचन द्यायला तयार असाल तर सुदान तुमच्या बाजूला येतो, आणि सुदान आला की इजिप्त एकटा पडतो.

माजी_डेलिगेट
दोघंही बरोबर. ते त्यांना अनमोडमध्ये सुदानच्या डेलिगेटशी बोलून ठरवू दे. आधी ठरवून नेलंत तर तिथे करायचं काय?

भडंग_भेळ
ब्लेझर भाड्याने सांगलीत कुठे मिळतात कुणाला माहीत आहे का? माझ्या मुलाच्या गॅदरिंगसाठी हवाय.