मदत हवी आहे: बाबांना आणि लेकीला घेऊन मुंबईतलं संग्रहालय निवांत कसं बघावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही ठाण्यात, नौपाड्यात राहतो. बाबा ७२ वर्षांचे, लेक चौथीत. बाबांनी नोकरी सांभाळून आयुष्यभर घरी शाडूचे गणपती केले.

गेल्या मे महिन्यात मी एकाच दिवसात मुंबईतली तीन संग्रहालयं बघायचा घाट घातला. पहिल्याच ठिकाणी बाबा मातीच्या एका मूर्तीपुढे थांबले. गालापाशी कारागिराचं बोट दाबलं गेल्यासारखा खोलगटपणा होता. बाबांचा अंगठा हवेतच, माती बसवताना हलतो तसा हलत होता. आणि मी "चला बाबा, अजून दोन बाकी आहेत" म्हणून त्यांना पुढे काढलं. दुसरीकडे पोचेपर्यंत त्यांचा गुडघा धरला, लेक भुकेने रडकुंडीला आली, तिसरं राहूनच गेलं. परतताना गाडीत ते एवढंच म्हणाले, "ती मूर्ती नीट बघायची राहिली." तेव्हापासून मला चैन नाही.

या वेळी त्यांना हवा तेवढा वेळ थांबू द्यायचंय. मातीकाम कुठे चांगलं बघायला मिळेल? कोणत्या वारी जावं? आणि आजोबा एका जागी रमले की लेकीला कशात गुंतवू?

प्रतिसाद १

ताई, एका दिवशी एकच संग्रहालय, हे आधी पक्कं करा. तुमच्या बाबांसाठी मी भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय सुचवेन. १८७२ साली उघडलेली वास्तू आहे, राणीच्या बागेला लागून. तिथे वेगवेगळ्या समाजांच्या, व्यवसायांच्या माणसांच्या छोट्या मातीच्या प्रतिकृती आहेत. पागोट्याच्या घड्या, नेसण्याच्या तऱ्हा, सगळं इतकं बारीक की मूर्तिकार माणूस तिथून हलायचा नाही. मात्र त्या वरच्या मजल्यावर आहेत. जिना चढावा लागतो, म्हणून आधी तिथेच फोन करून गुडघ्याची अडचण सांगा.

ठाण्याहून भायखळ्याला थांबणारी गाडी पकडा आणि पूर्वेला उतरा. बुधवारी जाऊ नका, संग्रहालय आणि बाग दोन्ही बंद असतात. बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती आहे. इंग्लंडला न्यायच्या खटपटीत तो तुटला, मग इथे जोडून उभा केला. लेकीला सांध्यांच्या रेषा शोधायला लावा.

प्रतिसाद २

मी नेरूळची. माझ्या सासूबाईंना घेऊन मी काळाघोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात तीनदा गेले आहे, दर वेळी एकच दालन. तुमच्या बाबांना तिथे सिंधमधल्या मीरपूरखासच्या स्तूपाची भाजक्या मातीची शिल्पं जरूर दाखवा. दीड हजार वर्षांच्या आसपासची आहेत. दगडी शिल्पं बघून मग याच्यापुढे उभं राहिलं की मातीचा मऊपणा जाणवतो.

रविवार टाळा. मेगाब्लॉक लागला की म्हाताऱ्या माणसाचे हाल होतात. सीएसएमटीला उतरून काळाघोड्यापर्यंत चालत जाता येतं, पण ते पंधरा-वीस मिनिटांचं चालणं गुडघ्याला पुढे दालनांत लागणार आहे. सरळ टॅक्सी करा. घरून खाऊन निघा, उघडायच्या वेळेला पोचा. सहलींच्या दिवसांत शाळांच्या बस आल्या की निवांतपणा जातो. मोठी पिशवी नेऊ नका, काउंटरला ठेवावी लागते.

लेकीला कोरी वही आणि पेन्सिल द्या. माझ्या भाचीला आम्ही एकच काम दिलं होतं: मूर्तींचे फक्त हात काढायचे. दीड तास ती जमिनीवर मांडी घालून बसली होती. आवारात मुलांसाठी वेगळं संग्रहालयही आहे, ते शेवटी ठेवा.

मूळ धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आधी भायखळा, गुरुवारी सकाळी. काळाघोडा दिवाळीनंतर, वेगळ्या दिवशी.

रात्री बाबांना पागोट्याच्या घड्यांचं वाचून दाखवलं. ते उठून चष्म्याचं जुनं घर शोधायला लागले, जवळचं बघायचा चष्मा त्यात आहे म्हणे. लेकीने वहीच्या पहिल्या पानावर "हत्ती" असं लिहूनही ठेवलंय.

एकच राहिलं. घडीचं छोटं स्टूल दालनात नेऊ देतात का? कुणी नेलं असेल तर कृपया सांगा, म्हणजे बाबांना प्रतिकृतींपुढे बसवता येईल.